रंगद्रव्ययुक्त वनस्पती-ऊतींतून आरएनएचे विलगीकरण

कोणते जनुक केव्हा व किती प्रमाणात कार्यरत आहे, हे पेशीतील संदेशवाहक आरएनएवरून कळते. त्यामुळे अशा अभ्यासात शुद्ध व अखंड आरएनए मिळविणे ही पहिली पायरी ठरते. काळ्या द्राक्षाच्या सालीत मात्र एक पेच उद्भवतो. सालीच्या रंगामागील जनुकांचा शोध त्या सालीतील आरएनएवरूनच घ्यावा लागतो. पण रंग देणारी अँथोसायनिने व त्यांच्यासोबतची अन्य पॉलिफेनॉल संयुगेच त्यात अडथळा आणतात.

अडथळ्याची कारणे : ऊती चिरडताच पॉलिफेनॉलांचे ऑक्सिडीकरण होऊन क्विनोन संयुगे तयार होतात. ती आरएनएला घट्ट चिकटतात व द्रावण तपकिरी होते. पॉलिसॅकराइडे अल्कोहोलमध्ये आरएनएसोबतच साक्याच्या रूपात खाली बसतात. शिवाय, आरएनएज हे विकर आरएनएचे तुकडे करते.

उपाय : पाइन वृक्षासाठी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘सीटीएबी’ पद्धत अशा ऊतींसाठीही वापरली जाते. नमुना द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून त्याची पूड करतात व ती ६५ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रावणात मिसळतात. द्रावणातील पीव्हीपी पॉलिफेनॉलांना बांधून ठेवते. बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल ऑक्सिडीकरण रोखते व आरएनएजही निष्प्रभ करते. मिठाच्या उच्च प्रमाणामुळे सीटीएबीला पॉलिसॅकराइडे वेगळी ठेवता येतात. क्लोरोफॉर्मने प्रथिने दूर केल्यावर लिथियम क्लोराइड घालून द्रावण रात्रभर थंड ठेवतात. त्यामुळे प्रामुख्याने आरएनए खाली बसतो. डीएनए व पॉलिसॅकराइडे बहुतांशी द्रावणातच राहतात.

शुद्धतेची कसोटी : २६० व २८० नॅनोमीटर तरंगलांबीवरील प्रकाशशोषणाचे गुणोत्तर सुमारे २ असावे. २६० व २३० नॅनोमीटरवरील गुणोत्तर बरेच कमी भरल्यास फेनॉल संयुगे वा पॉलिसॅकराइडे उरल्याचा संशय घ्यावा. मात्र गुणोत्तरांवरून अखंडता कळत नाही. त्यासाठी जेलवर रायबोसोमी आरएनएचे दोन ठळक पट्टे दिसावे लागतात. ते पसरट दिसल्यास आरएनए तुटलेला असतो.

महत्त्व : पांढऱ्या द्राक्षांत रंग का नसतो, याचे उत्तर २००४ मध्ये मिळाले. रंगनिर्मितीचे नियमन करणाऱ्या जनुकात ‘ग्रेट१’ हा जागा बदलणारा डीएनएचा तुकडा शिरल्याने ते जनुक निष्क्रिय झाले होते. सदोष आरएनए वापरल्यास कार्यरत जनुकही निष्क्रिय भासू शकते. म्हणून असे निष्कर्ष काढण्यापूर्वी आरएनएची शुद्धता व अखंडता या दोन्ही बाबी तपासणे अनिवार्य ठरते.