स्टँडर्ड लायब्ररीतील डॉक-कमेंट सुधारताना

प्रोग्रॅमिंगच्या भाषेबरोबर जी स्टँडर्ड लायब्ररी येते, तिच्यातल्या जवळजवळ प्रत्येक फंक्शनला जोडून दोन-चार ओळींचे टिपण असते. त्याला डॉक-कमेंट म्हणतात. प्रोग्रॅम काय करणार हे त्या ओळींवर ठरत नाही. पण जावाडॉक किंवा रस्टडॉकसारखी साधने हेच टिपण उचलून संदर्भपाने तयार करतात, आणि एडिटरमध्ये फंक्शनच्या नावावर कर्सर नेला की चौकटीत उघडते तेही हेच. लायब्ररीचा मूळ कोड उघडून वाचणारे थोडे. बाकीच्यांसाठी ते टिपण म्हणजेच ते फंक्शन.

ही टिपणे सुधारणे हे ओपन सोर्समध्ये शिरण्याचे सोपे दार मानले जाते. कर्वेनगरला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय १९९१ पासून आहे. तिथल्या किंवा पुण्यातल्या इतर कुठल्या महाविद्यालयातल्या मुलीने ‘सुरुवात कुठून करू?’ असे विचारले, तर सीनियरांचे उत्तर बहुधा ठरलेले असते : आधी डॉक्युमेंटेशनमधले काहीतरी कर. सल्ला वाईट नाही. पण त्याच्या पोटात एक समजूत दडलेली असते, की हे काम फक्त भाषेचे आहे, कोडला धक्का लागत नाही, म्हणून यात धोकाही नाही. प्रस्तुत लेखिकेने नवख्यांचे असे बदल तपासले आहेत, आणि त्यांत सर्वाधिक नुकसान याच समजुतीने झालेले दिसते.

स्टँडर्ड लायब्ररीतले टिपण हे वर्णन नसते, हमी असते. फंक्शन आज काय करते एवढेच ते सांगत नाही. पुढच्या आवृत्तीतही काय करील आणि कशाची जबाबदारी घेणार नाही, तेही सांगते. याचे ठळक उदाहरण २०१० चे. सी भाषेतले मेमकॉपी हे फंक्शन मेमरीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरवते. या दोन जागा एकमेकींवर येता कामा नयेत, तशा येत असतील तर मेममूव्ह वापरावे, अशी अट कागदोपत्री पहिल्यापासून होती. अट मोडूनही अनेक प्रोग्रॅम वर्षानुवर्षे बिनबोभाट चालत होते, कारण मजकूर पुढून मागे उतरवला जात होता. मग ग्नू सी लायब्ररीत वेग वाढवण्यासाठी काही प्रोसेसरांपुरती ही दिशा उलटी झाली, आणि फेडोरा १४ वापरणाऱ्यांना अडोबी फ्लॅशमधून येणारा आवाज फाटका ऐकू येऊ लागला. वाद मोठा झाला, लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स स्वतः त्यात उतरले. अखेर जुन्या प्रोग्रॅमांसाठी जुनी वागणूक वेगळी जपून ठेवावी लागली. तरीही लायब्ररीचे लोक आपल्या बाजूने उभे राहू शकले, ते टिपणातल्या त्या एका अटीच्या जोरावर. ‘हे तर उघडच आहे’ म्हणून कोणी ती आधीच गाळली असती, तर त्यांच्या हातात काहीच उरले नसते.

गो भाषेने याच्या पुढचे पाऊल उचलले. मॅपमधल्या नोंदी कोणत्या क्रमाने मिळतील याची हमी तिथे नाही. पण लोक दिसणाऱ्या क्रमावर विसंबतात, म्हणून २०१२ च्या गो १ पासून तो क्रम मुद्दामच बेभरवशाचा ठेवला आहे. हमी नसणे हीसुद्धा सांगण्याची गोष्ट आहे, आणि ती सांगणारे वाक्य वाचायला नेहमीच ओबडधोबड असते.

भाषा सफाईदार करण्याच्या नादात पहिला बळी जातो तो याच छोट्या, ओबडधोबड शब्दांचा. थांबण्याच्या फंक्शनचे टिपण घ्या. ‘सध्याचे काम किमान दिलेल्या वेळेइतके थांबवते’ हे मूळ वाक्य. सफाई करणारी व्यक्ती त्याचे ‘दिलेल्या वेळेइतके थांबवते’ असे करते. वाक्य सुटसुटीत झाले, व्याकरण शुद्ध राहिले, डिफमध्ये एकच शब्द लाल दिसतो. पण ऑपरेटिंग सिस्टिम ठरल्या वेळेला नेमके उठवण्याचे वचन देत नाही; ‘किमान’ हा शब्द तेवढ्याचसाठी बसवलेला होता. असाच बदल एका प्रकल्पात मंजूर झाला. पुढे कोणीतरी त्या नव्या वाक्यावर विश्वास ठेवून नेमकी वेळ तपासणारी टेस्ट लिहिली. मशीनवर ताण आला की ती टेस्ट पडायची, एरवी पास व्हायची. दोष टिपणात आहे हे ध्यानात येईपर्यंत सगळे कोडमध्ये शोधत राहिले. म्हणून ‘किमान’, ‘बहुधा’, ‘असेलच असे नाही’, ‘रिकामी यादी दिल्यास’ हे शब्द काढण्याआधी ते कोणी आणि का घातले हे गिटच्या इतिहासात पाहावे. असा शब्द पुष्कळदा कुठल्यातरी बगमधून आलेला असतो.

दुसरा धोका याच्या उलट दिशेने येतो : ढोबळ शब्द जास्त नेमका करण्याच्या नादात तो खोटा करून ठेवणे. ‘स्ट्रिंगची लांबी देते’ या टिपणात काहीतरी कमी आहे हे कुणालाही जाणवते. पण ते पुरे करायचे कसे? ‘कर्वेनगर’ हीच स्ट्रिंग घेऊन पाहावे. वाचणाऱ्याला यात पाच अक्षरे दिसतात. पायथनची लांबी ८ येते, कारण क, र, हलन्त चिन्ह, व, मात्रा, न, ग, र असे आठ कोडपॉइंट होतात. जावाही ८ च सांगते, पण ती यूटीएफ-१६ ची एकके मोजत असते. देवनागरीत दोन्ही आकडे जुळतात, इमोजी आला की फुटतात. गो आणि रस्ट बाइट मोजतात, म्हणून तिथे उत्तर २४. स्विफ्ट डोळ्यांना दिसणारी अक्षरे मोजू पाहते; पण ‘र्वे’ हे एक अक्षर की दोन, हे युनिकोडच्या नियमांवर अवलंबून. जुन्या नियमांनी एकूण ६ होतात, २०२३ च्या १५.१ आवृत्तीपासून ५. म्हणजे ‘अक्षरांची संख्या देते’ अशी सुधारणा या पाचांपैकी चार भाषांत सरळ चूक ठरेल, आणि पाचवीत ती कुठल्या आवृत्तीचे नियम वापरले जातात यावर ठरेल. जोडाक्षरे रोज लिहिणाऱ्या माणसाची इथे खरी गरज आहे. इंग्रजी शब्दांवर तपासणाऱ्याला हे सगळे आकडे एकच दिसतात, त्यामुळे अपुरे टिपण त्याला खटकतच नाही.

अंकांचेही असेच. जावातल्या पार्स-इंटच्या टिपणात ‘दशमान अंक’ असा शब्दप्रयोग आहे. त्याऐवजी ‘इंग्रजी शून्य ते नऊ’ म्हटले की अर्थ अधिक स्पष्ट होतो असे वाटते. प्रत्यक्षात कर्वेनगरचा पिनकोड ४११०५२ असा देवनागरीत दिला तरी जावा आणि पायथन दोन्ही तो विनातक्रार संख्या म्हणून घेतात. गो आणि रस्ट घेत नाहीत. त्या मोघम दिसणाऱ्या शब्दात ही सगळी सोय सामावलेली होती. टिपण बदलण्यापूर्वी फंक्शन स्वतः चालवून पाहावे, आणि चालवताना इंग्रजीबाहेरचा मजकूर द्यावा, हा नियम इथून येतो.

फंक्शन चालवून जे दिसले ते लगेच टिपणात लिहावे, असे मात्र नाही. जे दिसते ते आजच्या कोडचे वर्तन असते. त्याची हमी द्यायची की नाही हे मेंटेनर ठरवतात. जावाने हा भेद स्पष्ट मांडला आहे. २०१४ च्या जावा ८ पासून तिच्या टिपणांत हमीचा भाग वेगळा आणि ‘सध्याच्या अंमलबजावणीची नोंद’ वेगळी, अशा खुणा वापरतात. ओपनजेडीकेमध्ये टिपणातल्या हमीचा अर्थ बदलत असेल, तर कोडची एक ओळही बदललेली नसताना सीएसआर नावाची स्वतंत्र तपासणी पार करावी लागते. इतर भाषांत अशी औपचारिक पायरी असो वा नसो, बदल पाठवताना ‘अर्थ तोच ठेवून भाषा सुधारली आहे’ किंवा ‘अर्थ बदलतो आहे, कारण अमुक’ असे स्पष्ट लिहावे. दोन्ही एका पुल रिक्वेस्टमध्ये (पीआरमध्ये) मिसळू नयेत.

लिहिण्याच्या रीती भाषेगणिक ठरलेल्या आहेत आणि त्या पाळण्यात फार कष्ट नाहीत. पायथनचा पेप २५७ हा दस्तऐवज २००१ चा. पहिली ओळ आज्ञार्थी आणि स्वतंत्र वाक्याची असावी, असे तो सांगतो. गोमध्ये टिपण फंक्शनच्या नावानेच सुरू होते. जावाडॉक पहिले वाक्य तेवढे उचलून सारांशाच्या तक्त्यात टाकते, म्हणून अपवाद कितीही महत्त्वाचा असला तरी तो पहिल्या वाक्यात कोंबू नये. उदाहरणे मात्र हौसेने घालावीत. रस्टमध्ये टिपणातली उदाहरणे टेस्टबरोबर चालवली जातात, पायथनमध्ये डॉकटेस्ट तेच करते. चालवलेले उदाहरण शिळे झाले की लगेच कळते. नुसते वाक्य शिळे झाले तर कोणालाच कळत नाही.

टिपण नेमके कुठे लिहिलेले आहे हेही आधी शोधावे लागते. पायथनची संदर्भपाने वेगळ्या फोल्डरमध्ये हाताने लिहिलेली असतात आणि कोडमधली डॉकस्ट्रिंग वेगळी असते. एक सुधारली की दुसरी आपोआप सुधारत नाही. सी भाषेत लिहिलेल्या कितीतरी फंक्शनांची डॉकस्ट्रिंग आर्ग्युमेंट क्लिनिक नावाचे साधन तयार करते. तयार झालेल्या फाइलमध्ये केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी पुसली जाते. मूळ जागा सापडेपर्यंत हात आवरता घ्यावा.

पाठवण्याच्या रीतीबद्दल २०२० चा ऑक्टोबर विसरता येत नाही. डिजिटलओशनच्या हॅक्टोबरफेस्टमध्ये चार पीआर दिले की टी-शर्ट मिळत असे. त्या वर्षी रीडमी फाइलमध्ये एखादे विशेषण वाढवणाऱ्या निरर्थक बदलांचा इतका पूर आला, की आयोजकांना महिना सुरू होताच नियम बदलावे लागले. ज्या प्रकल्पांनी सहभागी होण्याची तयारी दाखवली तेवढेच बदल धरायचे, असे ठरले. मेंटेनर हे काम बहुधा आपल्या मोकळ्या वेळात करतात, आणि एका स्वल्पविरामाचा पीआरही कोणाला तरी उघडून वाचावाच लागतो. त्यामुळे एका मॉड्यूलमधल्या एकाच प्रकारच्या चुका एकत्र पाठवाव्यात, शंभर फाइलींवर एकदम हात फिरवू नये, आणि वर्णनात ‘डॉक्स सुधारले’ एवढेच न लिहिता आधीच्या वाक्याने वाचणाऱ्याची कोणती गैरसमजूत होत होती ते सांगावे. चालवून पाहिलेले दोन ओळींचे उदाहरण जोडले, तर रिव्ह्यू करणाऱ्याला ते सगळे स्वतः पुन्हा करून बघावे लागत नाही.

बदल मर्ज झाल्यावरही तो संदर्भपानांवर लगेच दिसेल असे नाही. रस्टची स्थिर आवृत्ती दर सहा आठवड्यांनी निघते. आज स्वीकारलेली दुरुस्ती आधी नाइटलीच्या पानांत येते, मग बीटामध्ये आणि त्यानंतर स्थिर आवृत्तीत. जुन्या आवृत्त्यांची पाने मात्र जुन्या वाक्यासह तशीच राहतात, आणि त्या आवृत्त्या वापरणारे लोक तेच वाक्य वाचत राहतात. दुरुस्ती हमीशी संबंधित असेल, तर ती मागच्या चालू आवृत्त्यांतही घ्यावी का, हे पीआरमध्येच मेंटेनरना विचारावे.