सॉलोमनचे वंशज आणि मलिक अंबर

आपल्या बोलण्यात ‘हबशी’ हा शब्द सहज येतो. पण हबसाण म्हणजे आजचा इथिओपिया, आणि तेथील राजघराणे जगातील दीर्घायुषी घराण्यांपैकी एक होते, हे आपल्याला क्वचितच आठवते.

या घराण्याची मूळकथा मोठी रम्य आहे. शेबाची राणी मकेदा ही सॉलोमन राजाचे शहाणपण पाहण्यासाठी जेरुसलेमला गेली. त्यांचा पुत्र मेनेलिक हा हबसाणचा पहिला सम्राट झाला, असे ‘केब्रा नगास्त’ हा चौदाव्या शतकातील ग्रंथ सांगतो. इतिहासाच्या उजेडात मात्र हे घराणे इ. स. १२७० मध्ये येते. त्या वर्षी येकुनो अम्लाकने झाग्वे राजांचे राज्य घेतले व आपण सॉलोमनचे वंशज आहोत, असे जाहीर केले. झाग्वे राजांनी लालिबेला येथे अखंड खडकातून देवळे कोरविली होती. तरी कथेने त्यांना उपरे ठरविले. पुढे १८५५ मध्ये स्वबळावर गादी मिळविणाऱ्या थिओडोर दुसऱ्यालाही हाच वारसा सांगावा लागला. मेनेलिक दुसऱ्याने १८९६ मध्ये अडवा येथे इटलीचा पराभव केला. शेवटचा सम्राट हैले सेलासी याने तर १९५५ च्या राज्यघटनेतही ही वंशावळ नोंदविली. १९७४ साली सैन्याने त्याला पदच्युत केले, तेव्हा ती कथा त्याच्या मदतीला आली नाही.

याच भूमीत सुमारे १५४८ मध्ये जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. बगदादमार्गे तो दख्खनेत आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. चंगीजखान स्वतःही हबशीच होता. हा मुलगा म्हणजे मलिक अंबर. त्याच्यापाशी ना वंशावळ, ना दंतकथा. म्हणून १६०० मध्ये त्याने निजामशाही घराण्यातील मुर्तझाला गादीवर बसविले व कारभार स्वतः पाहिला. विशेष असे की, त्या निजामशाहीलाही मूळकथा होतीच. तिचे पूर्वज आमच्या परभणी जिल्ह्यातील पाथरीचे कुलकर्णी होते, असे फेरिश्ता लिहितो. म्हणजे हबसाणच्या या पुत्राने पाथरीच्या परंपरेची गादी सांभाळली!

मी पेडगावचा. आमच्या स्टेशनावरून मनमाडकडे जाणारी गाडी छत्रपती संभाजीनगरला थांबते. हे शहर अंबरने १६१० मध्ये खडकी या नावाने वसविले. तेथील नहर, जमिनीची प्रतवारी पाहून सारा ठरविण्याची त्याची पद्धत आणि १६२४ ची भातवडीची लढाई, हीच त्याची वंशावळ. त्या लढाईत शहाजीराजेही त्याच्या बाजूने लढले. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. मुलगा फत्तेखान याला बापाचे पद मिळाले, पण बापाची धमक मिळाली नाही. १६३३ मध्ये त्याने दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केला.

वंशकथा गादी मिळवून देते, टिकवून धरते, हे हबसाणच्या सातशे वर्षांनी दाखविले. पण राज्य चालविणारा हात कोणत्या कुळातला, हे पाण्याला आणि पिकाला कळत नाही. ज्या महाविद्यालयात अजूनही आडनावावरून गाव व जात ओळखली जाते, तेथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी, एवढेच माझे सांगणे.