विचारणाऱ्याने द्यायचे, सांगणाऱ्याने घ्यायचे

सूनबाई, रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या भिशीत ऐकलंस ते खरं आहे. साबण कसा वाटला, चहा कसा लागला, एवढं सांगायचेही पैसे मिळतात. बाजारपाहणीचा हा धंदा आजचा नाही. विक्रम साराभाईंनी बडोद्याला ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप काढला तो १९६० साली. जायचं तर खुशाल जा, पण चार गोष्टी पदरी बांधून जा.

पहिली, आपल्या खिशातून काही द्यायचं नाही. नोंदणी फी मागितली की उठायचं. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचं काम देणारे आधी चार पैसे टाकतात आणि मग मोठ्या कामासाठी आपल्याकडून भरून घेतात. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन विचारला म्हणजे पैसे जाणार. ओटीपी कोणालाही नाही. फसगत झालीच तर लाजत बसू नकोस, लगेच १९३० ला फोन लाव.

दुसरी, खरं सांग. घरात कोणी जाहिरातीच्या किंवा पाहणीच्या धंद्यात आहे का, तू इतक्यात अशा पाहणीला बसली होतीस का, हे आधी विचारतात. मग घराची वर्गवारी. २०११ साली आलेल्या पद्धतीत मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि ११ वस्तूंची यादी ठेवली होती: पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी, मोटार वगैरे. मोठेपणापायी दारात मोटार उभी करू नकोस. नाव गळलं तर गळू दे.

तिसरी, चव नीट घे. वाट्यांवर कंपनीचं नाव नसतं, नुसते आकडे. मध्ये पाण्याचा घोट घे. आधी चाखलेल्याकडे मन झुकतं, म्हणून तुला एक वाटी आधी देतात, शेजारणीला दुसरी. तेव्हा तिचं ऐकून बोलू नकोस. ‘छान आहे’ हे उत्तरच नव्हे. मीठ चढलंय, की तेल जिभेवर राहतंय, ते सांग. प्रश्न बहुधा हिंदीत असतील. शब्द अडला तर पुन्हा विचार.

चौथी, आधीच ठरवून घे. वेळ किती, पैसे किती, रोख की कूपन, रिक्षाभाडं कोणाकडे, चित्रीकरण होणार का. घरी कोणी आलं तर ओळखपत्र बघ आणि एकटी असशील तर उंबऱ्यावरूनच बोल. नको त्या प्रश्नाला ‘नाही सांगायचं’ म्हणता येतं, मधूनच उठताही येतं.

ही वरकमाई आहे. बोलावणं आलं तर आलं. तिच्या भरवशावर कसला हप्ता घेऊ नकोस, आणि रिटर्न भरत असशील तर ही मिळकतही दाखव.

घरखर्चाच्या सरकारी पाहणीसाठी कोणी आलं, तर मात्र पैशाची बात काढायची नाही. ओळखपत्र पाहा, आत बसव आणि तेल-डाळीचा खरा हिशेब सांग. महागाईच्या निर्देशांकात कशाला किती वजन द्यायचं, ते त्याच आकड्यांवरून ठरतं. गोलबाजारातून पिशवी भरून आणणाऱ्या बाईइतकं ते कोणाला ठाऊक असणार?