बटण दाबले, पडदा काळाच!

जून महिना. देहूरोडच्या एखाद्या शाळेत सुटीभर बंद असलेला संगणक तुम्ही सुरू करता. पंखा फिरतो, दिवा लागतो. पडदा मात्र काळाच! लगेच पेचकस हाती घेऊ नका. तो कोठे अडला ते आधी पाहा.

बटण दाबताच वीजपुरवठ्याची पेटी २३० व्होल्टच्या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे दाब तयार करते. ते स्थिर झाले की मदरबोर्डला तसा संकेत जातो. तोपर्यंत प्रोसेसर थांबूनच असतो. मग बायॉस हा चिपमध्ये साठवलेला प्रोग्रॅम रॅम वगैरे भाग तपासू लागतो. पडदा अजून उजळलेला नसतो, म्हणून दोष आढळल्यास पुष्कळ संगणक चक्क ‘बीप’ असे ओरडतात! किती बीप म्हणजे कोणता दोष, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत मिळते.

पंखाच फिरत नसेल तर प्लग, वायर आणि पेटी तपासायची. येथे तो फिरतो आहे. तेव्हा प्रथम पडद्याची वायर घट्ट बसवा, मग रॅमकडे वळा. धूळ आणि पावसाळी दमट हवा यांमुळे तिच्या सोनेरी पट्ट्यांचा संपर्क बिघडू शकतो. शिक्षकांसमोर प्लग काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज जाऊ द्या, आणि रॅम काढून पुन्हा नीट बसवा. वीजपुरवठ्याची पेटी मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब उरलेला असू शकतो.

पडदा उजळला, पण तारीख भलतीच जुनी? मग बहुधा मदरबोर्डवरची नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपली आहे.