नगराची सीमा कशी वाढते?

विद्यार्थी मित्रांनो, उज्जैनहून देवास किंवा इंदूरच्या रस्त्याने बाहेर पडले, की पूर्वी जेथे गहू डोलत असे तेथे नव्या वसाहती उभ्या दिसतात. शेताचे नगर होऊ द्यावे किंवा नाही, हे कोण ठरवितो व कशावरून, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

अमेरिकेतील पुष्कळ राज्यांत घरे बांधणारा व्यावसायिक आपली जमीन नगराच्या हद्दीत घ्यावी असा अर्ज नगरसभेकडे करतो. जाहीर सुनावणी होते व सभासद मत देतात. आपल्याकडील रीत निराळी आहे. मध्य प्रदेशात हद्द बदलण्याची अधिसूचना राज्य शासन काढते. कोणती जमीन शेतीची व कोणती निवासाची, हे 1973 च्या नगर व ग्राम निवेश कायद्यानुसार होणाऱ्या विकास आराखड्यात ठरते. त्याच्या मसुद्यावर नागरिकांना हरकती घेता येतात. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन हा पालिकांचा पहिलाच विषय सांगितला आहे. तथापि तो त्यांच्याकडे किती सोपवावा, हे राज्याच्या हाती असते. वसाहत पालिकेच्या स्वाधीन झाली, की पाणी, गटारे, दिवे व सफाई यांचा भार मात्र तिच्यावरच पडतो.

घरांची गरज खरी आहे. रीतसर भूखंड मिळाले नाहीत, तर लोक विनापरवाना वसाहतींत जागा घेतात आणि पुढे वर्षानुवर्षे नळासाठी अर्ज करीत राहतात. म्हणून वाढ थांबवा, असे म्हणून भागत नाही.

परंतु उज्जैनची जमीन इतर नगरांसारखी नाही. दर बारा वर्षांनी क्षिप्रातीरी सिंहस्थ भरतो. त्यासाठी शेतकरी आपली शेते काही काळापुरती देत आले आहेत. मेळा उठला, की पुन्हा नांगर चालू होतो. 2023 मध्ये 2035 पर्यंतचा आराखडा मंजूर झाला, तेव्हा सांवराखेडी परिसरातील जमीन निवासी ठरविण्यावरून मोठा वाद झाला. पुढे 2028 च्या सिंहस्थासाठी सुमारे 2,378 हेक्टर जमिनीवर कायमचे रस्ते व बांधकामे करण्याची योजना निघाली. निम्मी जमीन विकसित करून शेतकऱ्यास परत द्यावयाची होती. शेतकऱ्यांनी तीव्र विरोध केला आणि 2025 च्या अखेरीस शासनाने ती योजना मागे घेतली. कायमचे रस्ते झाले असते, तर यात्रेकरूंची सोय झाली असती, हे खरे. परंतु ज्याचे शेत जाणार, त्याची संमती आधी मिळवावयास हवी होती, हा धडा त्यातून मिळतो.

दुसरा धडा पुण्याचा. फुरसुंगी व उरुळी देवाची ही गावे 2017 मध्ये पुणे महानगरपालिकेत आली. कर वाढला, पण सोयी मिळत नाहीत, अशी रहिवाशांची तक्रार राहिली. अखेर 2024 मध्ये ती गावे वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. नकाशावरील रेषा एका दिवसात सरकते. जलवाहिनी तशी सरकत नाही.

तेव्हा कोणतीही जमीन नगरात घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत, असे आम्हांस वाटते. पाणी कोठून येणार? आपले पाणी मुख्यत्वे गंभीर नदीवरील धरणातून येते व त्याचा साठा 2,250 दशलक्ष घनफुटांचा आहे. सांडपाणी कोठे जाणार? ते क्षिप्रेत तर जाणार नाही ना? रस्ते व दिवे यांचा खर्च घरे विकणारा देणार, की जुने करदाते? आणि शेत गेल्यावर शेतकऱ्याच्या मुलाने काय करावे?

विद्यार्थ्यांनो, उद्या तुम्हीच मतदार व्हाल. तुमच्यांतील कोणी नगरसेवकही होईल. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, की तो वडीलधाऱ्यांसह अवश्य पाहावा व हरकत असल्यास मुदतीत लेखी द्यावी. घर बांधून झाल्यावर काढलेल्या तक्रारीपेक्षा वेळेवर विचारलेला एक प्रश्न नगराच्या अधिक उपयोगी पडतो.