साथीआधीची सज्जता : घातक विषाणूंच्या निदान चाचण्या

साथरोगाच्या प्रसंगी लस वा खात्रीचे औषध उपलब्ध नसले, तरी निदान चाचणी हाती असणे अत्यावश्यक ठरते. रोग कोणता हे समजल्याखेरीज रुग्णांचे विलगीकरण, संपर्कातील व्यक्तींचा शोध आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचे संरक्षण यांना निश्चित दिशा मिळत नाही. निपाह विषाणूबाबतचा भारताचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

सिलीगुडी ते कोझिकोड

फलाहारी वटवाघळांमध्ये आढळणारा हा विषाणू १९९८-९९ मधील मलेशियातील साथीत प्रथम ओळखला गेला. २००१ मध्ये पश्चिम बंगालमधील सिलीगुडी येथे मेंदूज्वराचे ६६ रुग्ण आढळले. त्यांपैकी बहुतेकांना रुग्णालयातच लागण झाली होती. ही साथ निपाहची होती, हा निष्कर्ष जपून ठेवलेल्या नमुन्यांच्या तपासणीनंतर २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. निदानास झालेल्या विलंबाची किंमत रुग्णालयाने मोजली होती.

मे २०१८ मध्ये केरळमधील कोझिकोड व मलप्पुरम जिल्ह्यांत साथ उद्भवली. पहिला रुग्ण निदानाविनाच दगावला. मात्र त्याच कुटुंबातील पुढील रुग्णाच्या वेळी मणिपाल येथील प्रयोगशाळेने विषाणू ओळखला आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने त्यावर शिक्कामोर्तब केले. १७ जणांचा बळी गेला; तथापि साथ काही आठवड्यांतच आटोक्यात आली. २०२१ मध्ये चाचणीची सोय कोझिकोड येथेच करण्यात आली, तर २०२३ मध्ये तेथे फिरती प्रयोगशाळा पाठविण्यात आली.

पूर्वतयारीचे घटक

आरटी-पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा शोध घेते. त्यासाठी विषाणूच्या जनुकीय क्रमाशी जुळणारे लघु तुकडे, अर्थात प्रायमर, आधीच तयार ठेवता येतात. चाचणी योग्य चालते की नाही हे पडताळण्यासाठी जिवंत विषाणूऐवजी कृत्रिम आरएनए वापरता येतो. त्यामुळे धोका टळतो. मलेशियातील व बांगलादेशातील निपाहच्या जनुकीय क्रमांत सुमारे ८ टक्के फरक आहे. म्हणून प्रायमर वेळोवेळी तपासून घ्यावे लागतात. आजाराच्या पुढील टप्प्यात रक्तातील प्रतिपिंडे शोधणारी एलायझा चाचणी उपयुक्त ठरते.

रोग दुर्मीळ असताना चाचणी अचूक असली तरी काही निरोगी व्यक्ती बाधित ठरू शकतात. यास्तव पहिल्या निष्कर्षाची दुसऱ्या प्रयोगशाळेत खातरजमा आवश्यक असते. जिवंत विषाणू हाताळण्यासाठी जैवसुरक्षा स्तर-४ ची सुविधा लागते. पुण्यात अशी प्रयोगशाळा आहे. निष्क्रिय केलेले नमुने मात्र तुलनेने साध्या प्रयोगशाळांतही तपासता येतात. म्हणूनच जिल्हा पातळीपर्यंत पोहोचण्यासाठी नमुना निष्क्रिय करण्याची पद्धतही आधीच निश्चित असावी लागते.

आव्हान

दुर्मीळ रोगांच्या चाचण्यांना बाजारपेठ नसते आणि संचांची मुदतही संपते. त्यामुळे संशोधन, साठा व प्रशिक्षण यांवरील खर्चाचा भार मुख्यतः शासनालाच उचलावा लागतो. साथ नसतानाच्या काळात केलेला हा खर्च वरकरणी अनाठायी भासला, तरी साथीच्या पहिल्या आठवड्यात किती जीव वाचतील, हे त्यावरच अवलंबून असते.