दर्शनी दरवाजा : यू.पी.व्ही.सी.ची चौकट आणि सुरक्षित काच

कर्जत-खालापूरचा पावसाळा म्हणजे लाकडी दरवाजाची परीक्षाच. दमट हवेत लाकूड फुगते, पल्ला चौकटीत अडकतो. सुतार रंधा मारून देतो, मग उन्हाळ्यात त्याच जागी फट पडते. वाळवीचा त्रास वेगळाच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, त्यानंतर या पट्ट्यात बंगले व फार्महाऊसही उभे राहिले. अशा घरांसाठी यू.पी.व्ही.सी.चा दरवाजा हा एक चांगला पर्याय आहे. मात्र घेणाऱ्याने आणि बसवणाऱ्या कारागिराने त्याचे गुणदोष आधी समजून घ्यावेत.

चौकट कशी पाहावी?
यू.पी.व्ही.सी. म्हणजे मऊ करणारे द्रव्य न मिसळलेले कडक पी.व्ही.सी. ते पाण्याने फुगत नाही आणि त्याला वाळवी लागत नाही. पण एकटे प्लास्टिक दर्शनी दरवाजाचा भार पेलत नाही. म्हणून पट्टीच्या पोकळ कप्प्यात जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी हवी. दुकानात कापलेला नमुना मागून आत पोलाद आहे का ते पाहावे. बाहेरच्या भिंतीची जाडीही मोजावी. युरोपीय मानकात दिसणाऱ्या बाजूसाठी 'अ' वर्गाला किमान २.८ मि.मी. आणि 'ब' वर्गाला २.५ मि.मी. जाडी लागते. कोपरे स्क्रूने नव्हे, तर उष्णतेने जोडलेले असावेत.

हे प्लास्टिक उन्हात वाढते. २ मीटर उंचीच्या पट्टीचे तापमान ३० अंशांनी वाढले, तर लांबी सुमारे ४ मि.मी. वाढू शकते. म्हणून भिंत व चौकट यांत फट ठेवून ती सीलंटने भरावी, सिमेंटने नव्हे. गडद रंग अधिक तापतो, हेही ग्राहकाला सांगावे. खालच्या पट्टीतील पाणी जाण्याची भोके गिलाव्याने बुजवू नयेत. नाहीतर पहिल्याच पावसात पाणी घरात येते.

काच कोणती?
साधी काच फुटली की सुरीसारखे तुकडे पडतात. दाराच्या खालच्या भागात, जिथे मुले धावत येऊन आदळतात, तिथे ती कधीही बसवू नये. टफन्ड काच ६०० अंशांपेक्षा जास्त तापवून झपाट्याने थंड करतात. ती साध्या काचेपेक्षा सुमारे चारपट मजबूत असते आणि फुटली तर बोथट कण होतात. पण तयार झाल्यावर ती कापता येत नाही की भोक पाडता येत नाही. म्हणून माप आधीच अचूक घ्यावे.

टफन्ड काच फुटली की सगळीच गळून पडते, आणि चोर हात घालून आतली कडी काढू शकतो. दर्शनी दरवाजाला म्हणून लॅमिनेटेड काच योग्य. तिच्या दोन काचांमधल्या चिकट पडद्याला तुकडे धरून राहतात. तिची कड सतत पाण्यात राहिली, तर पडदा सुटू लागतो. हेही त्या भोकांचे महत्त्व सांगते.

व्यवहारातील सचोटी
टफन्ड म्हणून साधी काच दिली, तर नुसत्या नजरेने फरक कळत नाही, आणि इजा होते ती ग्राहकाच्या मुलाला. म्हणून काचेच्या कोपऱ्यातील कायमची खूण आणि आय.एस. २५५३ मानकाचा शिक्का पाहावा, तो ग्राहकालाही दाखवावा. बिलावर काचेचा प्रकार व जाडी लिहावी. चार पैसे कमी मिळाले तरी चालेल, पण ज्याच्या दाराला काच बसवली त्याचा विश्वास टिकला, तर पुढचे काम तोच आणून देतो.